मागच्या सीटचा पट्टा

आवं, तुम्ही विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहूनच गेलं. "उद्या बघून सांगते," असं मी म्हणाले आणि तुम्हाला तेवढाही दम निघाला नाही. जन्मभर मला उतावीळ म्हणणारा माणूस पहाटेचा चहा न घेताच निघून गेला. आता माणसं भेटून गेली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लेक पुण्याला परत गेली. घरात मी, तुमचा चष्मा आणि तो प्रश्न, एवढेच उरलो.

कार्यक्रमात सगळे चांगलं बोलले. हवाई दलातली तुमची नोकरी, तुमची शिस्त, खंडाळ्याच्या वस्तीतून सैन्यात गेलेला पहिला मुलगा, सगळं आलं. मी मान खाली घालून ऐकत होते. पट्ट्याबद्दल कुणी बोललं नाही, कारण कुणाला ते ठाऊकच नाही. मलासुद्धा तुम्ही फार उशिरा सांगितलंत. त्याचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

विश्रामबागेत आपल्या गल्लीतून कॉलेजच्या मैदानाकडे वळलं की ते पिवळं विमान दिसतं. सिमेंटच्या कट्ट्यावर नाक वर करून आणि शेपूट जमिनीला टेकवून उभं असतं. पोरंपोरी त्याच्यापुढे फोटो काढतात, पण ते कसलं विमान आहे हे एकालाही सांगता येत नाही. तुम्हाला ते खपायचं नाही. रविवारी सकाळी फडकं आणि तेलाची बाटली घेऊन तुम्ही जायचात आणि जो सापडेल त्याला धरून सांगायचात. हे हार्वर्ड. दुसऱ्या महायुद्धात परदेशात तयार झालं, तिथून इकडे आलं आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं आपले वैमानिक याच्यावरच शिकले. पुढं शिकणारा, मागं शिकवणारा. विमान वळवायचा दांडा दोघांपुढे सारखाच, त्यामुळे पुढच्यानं दांडा हलवला की मागचाही हलतो. पिवळा रंग कशाला, तर हवेत शिकाऊ माणूस आहे हे बाकीच्यांना लांबूनच कळावं म्हणून. आणि आवाज असा, की पंख्याची टोकं हवा कापत निघाली की दोन गावं सोडून किंचाळी ऐकू यायची. उतरताना जरा लक्ष हललं की शेपूट गर्रकन फिरायची. "ह्या विमानानं लय जनांना उडायला शिकवलं, आनि उडायला लागलेल्यांची लय जनांची मस्ती बी उतरवली," हे तुमचं ठरलेलं वाक्य. पोरं हसून निघून जायची आणि तुम्ही पुन्हा फडकं हातात घ्यायचात.

पण मला ते विमान तुमच्या आधीपासून माहीत होतं. मी सहासात वर्षांची असेन. आमची वस्ती आटपाडीच्या पुढच्या माळावर, घरात मेंढरं आणि नावाला थोडी बाजरी. एका दुपारी ती किंचाळी डोक्यावरून आली आणि मध्येच तुटली. नंतर नुसता वारा. माझे वडील, आबा, मेंढरं घेऊन त्याच बाजूला होते, ते सगळ्यांच्या आधी पोचले. माळभर पिवळा पत्रा विखुरला होता. आमच्या माणसांनी पिवळं म्हटलं की बिरोबाचा भंडाराच पाहिलेला. देवाचंच काहीतरी खाली आलं असं वाटून कुणी पायताण घालून पुढं जाईना.

आबा गेले. पुढच्या सीटवर मिसरूड फुटलेला एक पोरगा होता. तो गेलेला होता, पण चेहरा असा की आत्ता डोळा लागलाय. मागची सीट रिकामी होती. पट्टा मात्र लावलेला. खांद्यावरचे दोन, कमरेचे दोन, चारी मध्ये येऊन बकल बंद. आबा म्हणायचे, "मानूस बसवून आवळावा तसा ताटलेला हुता पट्टा. फकस्त मानूस न्हवता."

मग दुसऱ्या माणसाचा शोध सुरू झाला. ओढे, घळी, निवडुंगाची बेटं, विहिरी, सगळं पालथं घातलं. तोवर इकडं लांडग्यानं कोकरं नेली, तरी कुणी मागं फिरलं नाही. लष्कराचा ट्रक आला तेव्हा त्यातला साहेब म्हणाला, "एक ही था." आबांनी विचारलं, "मग ह्यो पट्टा कुनी लावला?" साहेबाला मराठी येत नव्हतं आणि आबांना हिंदी. पोरगा आणि विमान घेऊन ट्रक निघून गेला. आमच्या लोकांनी मात्र दोन दगड उभे केले, एक त्या पोराचा आणि एक त्या दुसऱ्याचा. आपल्या माळावर पडलेल्या परक्या माणसाला जागा द्यायची, नाहीतर तो कळपामागं चालत राहतो, अशी आमच्याकडची रीत. तेव्हापासून दरवर्षी मेंढरं बाहेर चारायला निघायच्या आधी दोन दगडांपुढे दोन निवद. भाकरी, दूध आणि वर चिमूटभर भंडारा.

आपलं लग्न आबांना पचायला दोन वर्षं गेली. तुमची बहीण आणि मी सांगलीत शिक्षिकेचा कोर्स करताना एका खोलीत राहिलो, तिथून सगळी भानगड सुरू झाली. तुमचं घर धम्मदीक्षा घेतलेलं, आमचं बिरोबाच्या पालखीपुढं ढोल वाजवणारं. शेवटी आबांनी जेवायला बोलावलं आणि जेवणाआधी तुम्हाला माळावर घेऊन गेले. माझा जीव टांगणीला. दगडापुढं तुम्ही वाकणार नाही हे मला माहीत होतं, आणि वाकला नाहीत तर आबा ताट वाढू देणार नाहीत हेही. तुम्ही पहिल्या दगडापुढं ताठ उभे राहिलात आणि कडक सलाम ठोकलात. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, सुटले बाई.

मग आबांनी दुसऱ्या दगडाची आणि त्या आवळलेल्या पट्ट्याची गोष्ट सांगितली, आणि तुम्ही हसलात. चांगलं खदखदून. त्या हसण्यावर मी किती वर्षं तुमच्याशी भांडले असेन!

"आबा, मागं कुनी नव्हतंच," तुम्ही म्हणालात. "पोरगं एकटं उडत हुतं. सोलो म्हंत्यात त्याला."

"मग पट्टा?"

"त्यो आमीच लावतो. मी सोता लय येळा लावलाय. सीट रिकामी असली की पट्टं मोकळं सोडायचं न्हाईत. हवेत हेलपाटलं आनि दांड्याला गुंतलं तर पुढच्याचा दांडा बी अडकतो. म्हनून कुनी नसलं तरी बकल लावून टाकायचं."

आबांनी दुसऱ्या दगडावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "म्हंजी कुनी नसताना बी तुमी त्याची जागा बांधून ठिवता."

"व्हय."

"आमी बी त्येच केलंय, जावईबापू."

पण हार मानाल तर तुम्ही कसले! त्या दिवसापासून आपल्या घरात दुसऱ्या दगडाचा वाद बसला तो उठलाच नाही. मी म्हणायचे, मेंढरं पहिल्या दगडाला खेटून बसतात आणि दुसऱ्याभोवती हातभर जागा मोकळी सोडतात, ती का? तुम्ही म्हणायचात, खाली खडक हाय, तापतो. मी म्हणायचे, थंडीतसुद्धा? तुम्ही म्हणायचात, थंडीत खडक गार पडतो. कुत्री दुसऱ्या निवदाला तोंड लावत नाहीत, त्याचंही तुमच्यापाशी उत्तर होतं, पण ते इतकं लांबलचक की मला कधी लक्षातच राहिलं नाही. आपलं तेच खरं करायची तुमची खोड. आणि खरं सांगू, मला ती आवडायची. वाद संपेल म्हणून मीच कधीकधी तुमचा मुद्दा ऐकू आला नाही असं दाखवायचे.

एक गोष्ट मात्र तुम्ही वादात न आणता, शांतपणे सांगितली होतीत. "बाई," तुम्ही मला नेहमीच बाई म्हणायचात, शाळेतल्या पोरांसारखं. "बाई, मी गेल्यावर तुझ्या माळावर मला बसवू नगंस. मला दगुड नगं, निवद नगं. दगडापुढनं उठवून ज्यानं आमाला मानूस केलं, त्याचं ऐकून मी जगलोय." मी बरं म्हटलं. तुम्ही पुन्हा विचारलंत, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की हो, किती वेळा विचाराल."

निवृत्तीनंतर तुम्ही मला गाडी शिकवलीत, तेही त्या हार्वर्डच्या थाटात. काचेवर लाल अक्षर चिकटवलंत आणि म्हणालात, पिवळा रंग देनारच हुतो, पन तुझी लेक रुसंल. डावीकडे बसून तुम्ही नसलेला ब्रेक दाबायचात. विटा आलं की तुमचा उजवा पाय दुखायला लागायचा. मी चांगली चालवायला लागल्यावर म्हणालात, आता सोलो जा. मी कधी गेले नाही. दरवेळी काही ना काही काढून तुम्हाला शेजारी बसवलंच. तुम्हीही फार आढेवेढे घेतले नाहीत.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही अंथरुणावर होतात. बोलणं कमी झालेलं. एकदा दुपारी डोळे उघडून म्हणालात, "कालेजात जा. मागचा पट्टा लावलाय का बघून ये." मला वाटलं तापात बोलताय. तरी गेले. वॉचमन पंखावर चढला, काचेतून आत डोकावला आणि वरूनच ओरडला, "लावलाय की वो म्याडम, काका आयतवारी लावूनच जात्यात." जुने पट्टे कुजल्यावर तुम्ही नव्या निवारीचे शिवून आणले होतेत, हे मला त्यानंच सांगितलं. मी घरी येऊन म्हटलं, लावलाय.

"ढिला हाय का ताटलाय?"

"म्हणजे?"

तुम्ही पाणी मागितलंत. दोन घोट घेतलेत आणि सांगायला लागलात. इतकी वर्षं आत ठेवलेलं तुम्ही असं सांगितलंत, जसं काही भाजीला काय आणू विचारताय.

तुम्ही तेव्हा हवाई दलात नवे होतात, विमानं तपासून उडायला तयार करून द्यायचं तुमचं काम. सकाळची वेळ, लख्ख ऊन, एका पोराचा पहिला सोलो. तुम्ही नेहमीप्रमाणे मागचे पट्टे मध्ये आणून बकल लावलंत. रिकाम्या सीटवरचा पट्टा ढिला पडतो, खालून हात सहज जातो. सवयीनं तुम्ही ओढून बघितलात तर तो ताठ. आत छाती असावी तसा. हात खाली घालायला गेलात तर जाईना. तुम्ही मागून, पुढून, बाजूनं पाहिलंत. कशातही अडकलेला नव्हता. आणि तुमच्या देखत तो जरासा वर आला आणि जरासा खाली गेला.

"श्वास घेतल्यावानी," तुम्ही म्हणालात.

तोवर खालून हाक आली. तुम्ही काच ओढून घेतलीत आणि उतरलात. कुणाला काय सांगणार? विमान गेलं. ते परत येईपर्यंत तुम्ही धावपट्टीच्या कडेला उभे. पोरगा मात्र असा उतरला की बघणाऱ्यांना खरं वाटेना, चाकं टेकल्याचासुद्धा आवाज नाही. खाली उतरून तुम्हाला म्हणाला, "पीछे से किसी ने संभाल लिया." त्याला शिकवणारे उस्ताद तुमच्या शेजारीच उभे होते, सकाळपासून. तुम्ही वर चढून मागची काच उघडलीत. पट्टा ढिला पडलेला होता.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि पाठोपाठ राग. म्हणजे आबांनी ताटलेल्या पट्ट्याचं सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात ते यासाठी! दातखीळ बसायची ती हसण्यावर नेलीत. आणि मी बिचारी इतकी वर्षं तुमच्या खडकाशी भांडत बसले.

"आबांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमच्या मानसांनी आजून एक दगुड हुबा केला असता." तुम्ही हसायला गेलात आणि खोकलात. मग माझं मनगट धरलंत. बोटं गार होती. "बाई, तू सोता जा. वर चढ. पट्ट्याखाली हात घालून बघ. मला कळू दे, सोलो जायचंय का मागं कुनी हाय."

तुम्हाला भीती वाटत होती. तुम्हाला! मी तुमच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, अंधारून आलंय, उद्या सकाळी जाऊन बघून सांगते.

कॉलेजात मी अजून गेलेले नाही. धीर होत नाही. पट्टा ढिला निघाला तर तुम्ही एकटे गेलात असं होईल, आणि ते मला सोसणार नाही. त्यापेक्षा नकोच, म्हणून मी त्या मैदानाच्या मागच्या रस्त्यानं भाजीला जाते.

परवा माझा भाऊ बिरू याचा फोन आला, मेंढरं निघायचीत, निवदाला ये. मी गाडी काढली. हा माझा पहिला सोलो. डाव्या सीटवर बिरूच्या पोरांसाठी केलेल्या लाडवांचा डबा होता. तासगाव मागं पडलं आणि गाडी पी पी करायला लागली. पुढच्या सीटवर माणूस बसून पट्टा लावला नाही की करते तशी. मी म्हटलं डबा जड झाला. गाडी कडेला घेतली, डबा मागं ठेवला. पुन्हा निघाले. पुन्हा पी पी. सीट रिकामी होती, हातानं चाचपून पाहिली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, सेन्सर गेलाय, शोरूमला दाखव. मी गाडी पुन्हा कडेला घेतली आणि आतच बसून राहिले. ऑक्टोबरचं ऊन, शेजारच्या शेतात चिटपाखरू नाही, आणि गाडी आपली ओरडतेय. मग मी वाकून पट्टा ओढला आणि बकल लावलं. आवाज थांबला. पट्ट्याला मात्र मी पुन्हा हात लावला नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. आटपाडीपर्यंत रस्त्यावरच डोळे ठेवले.

माळावर भर बारा वाजता पोचले. बिरूनं दोन्ही दगड धुऊन ठेवले होते. दोन भाकऱ्या, दोन वाट्या दूध. मी नेहमीसारखे दोन निवद ठेवले. बिरू घुटमळला. मग म्हणाला, "अक्का, दुसऱ्या दगडाला आजपातूर नाव न्हाई. दाजींचं नाव देऊया का? ती जागा त्यांचीच असल. आबा कवाधरनं राखून गेल्यात."

खोटं कशाला बोलू, माझं मन हललं. तुम्हाला तिथं बसवलं असतं तर दरवर्षी येऊन भेटता आलं असतं. वादही मीच जिंकले असते, कारण समोर उत्तर द्यायला तुम्ही नव्हतात. पण असला जिंकलेला वाद घेऊन मी काय करू? मी म्हटलं, "नको बिरू. त्यांनी नको म्हटलंय. मी शब्द दिलाय."

"मग दाजी ऱ्हानार कुठं? जागा न्हाई दिली तर मानूस मागं फिरत ऱ्हातो, अक्का."

"फिरू देत," मी म्हटलं.

मी पदर खोचला आणि गाडीकडे निघाले. वाटेत मेंढरं बसली होती. ती उठली आणि बाजूला झाली. मी एकटी बाई, मला किती वाट लागणार? त्यांनी दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी सोडली. दुसऱ्या दगडाभोवती सोडतात तशीच, माझ्या डाव्या हाताला, हातभर. मी थांबले की ती जागा थांबायची, चालले की चालायची. कुत्रं उभं राहून त्या जागेकडे बघत होतं. भुंकलं नाही, शेपूट हलवत होतं.

मी गाडीत बसले. डावीकडचा पट्टा येताना लावलेला तसाच होता. काचा बंद होत्या, आत इंजिन तापल्याचा वास आणि तुमच्या त्या रविवारच्या बाटलीतल्या तेलाचा. मी किल्ली लावली आणि फिरवली नाही. तुम्ही सांगितलं होतंत, तू सोता बघ, हात घालून बघ. कॉलेजात जायला मला धीर नव्हता, पण इथं मी हात पुढं केला. दोन बोटं पट्ट्याखाली सरकवायला गेले.

गेली नाहीत. पट्टा ताठ होता. मी बोटं तशीच ठेवली. तो जरासा वर आला, जरासा खाली गेला.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भीती वाटली का म्हणाल तर वाटली. पण तुम्ही विचारलं होतंत आणि मी सांगते म्हटलं होतं. तेव्हा मी समोर बघत, मोठ्यानं सांगितलं, "ढिला नाही हो. ताटलाय."

मग पदरानं डोळे पुसले, आरसा नीट केला आणि म्हटलं, "बसा नीट. आणि विट्यापर्यंत उगाच ब्रेक दाबत बसू नका." गाडी सुरू केली आणि सांगलीच्या रस्त्याला लागले.